वाचकांचे प्रश्न : सूत्रसंचालक खरोखर काय बोलले होते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दूरचित्रवाणीवरील जुन्या खेळांच्या कार्यक्रमांविषयी, आणि त्यातही सूत्रसंचालकांच्या तोंडून निघालेल्या गाजलेल्या वाक्यांविषयी होती. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ‘यू बेट युअर लाइफ’ या अमेरिकी कार्यक्रमात पुष्कळ मुलांची आई स्पर्धक म्हणून आली होती. ‘माझे नवऱ्यावर प्रेम आहे’ असे तिने म्हणताच सूत्रसंचालक ग्राउचो मार्क्स उत्तरले, ‘माझेही सिगारवर प्रेम आहे, पण मी ती अधूनमधून तोंडातून काढतो.’ हा किस्सा मी अनेकांकडून ऐकला आहे. तो खरा आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : हे वाक्य ग्राउचो यांच्या नावावर इतके घट्ट चिकटले आहे की ते आपण प्रत्यक्ष ऐकले, असे सांगणारी माणसेही भेटतात. मात्र स्वतः ग्राउचो यांनी 1972 मध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, आपण न बोललेल्या गोष्टींचे श्रेय आपल्याला नेहमी मिळते, असे सांगून नेमके हेच वाक्य उदाहरणादाखल दिले होते आणि आपण ते कधीही बोललो नाही, असे स्पष्ट केले होते. वाक्य प्रक्षेपित झाल्याचे दाखवणारे ध्वनिमुद्रण आजवर पुढे आलेले नाही.

तरीही ही आख्यायिका टिकून राहिली, आणि त्याचे कारण कार्यक्रमाच्या घडणीतच आहे. ‘यू बेट युअर लाइफ’ 1947 मध्ये रेडिओवर सुरू झाला, 1950 मध्ये दूरचित्रवाणीवर आला आणि 1961 पर्यंत चालला. रेडिओवरचे बहुतेक कार्यक्रम त्या काळी थेट प्रक्षेपित होत असताना, हा कार्यक्रम मात्र आधी ध्वनिमुद्रित करून नंतर संपादित केला जाई. स्पर्धकांशी ग्राउचो यांचे बोलणे बराच वेळ चाले, त्यातून उत्तम तेवढे निवडून अर्ध्या तासाचा भाग बांधला जाई, आणि जे अश्लीलतेकडे झुकेल ते अर्थातच वगळले जाई. त्यामुळे ‘ते वाक्य बोलले गेले होते, पण कापले गेले’ असे म्हणण्याची सोय कायमची झाली, कारण कापलेल्या भागाविषयीचा दावा खोडून काढणे कुणालाही शक्य नसते. माझ्या मते, ज्याच्या तोंडी हे वाक्य घातले जाते त्यानेच ते नाकारले असताना पुरावा देण्याची जबाबदारी किस्सा सांगणाऱ्यावर येते, आणि तो पुरावा कुणी दिलेला नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. याच कार्यक्रमात सतरा भावंडांपैकी एक असलेली तरुणी आली होती आणि आपल्या वडिलांना मुले आवडतात, असे तिने सांगितले, तेव्हा ग्राउचो म्हणाले, ‘मलाही पॅनकेक आवडतात, पण म्हणून मी कपाटे भरून ठेवलेली नाहीत.’ हे वाक्य प्रत्यक्ष बोलले गेलेले आहे. सिगारच्या वाक्यातला अर्थ सूचक आणि काहीसा ओंगळ आहे, तर पॅनकेकच्या वाक्यात समोरच्या मुलीला कुठेही अवघडल्यासारखे होऊ न देता सतरा या आकड्याची गंमत नेमकी पकडलेली आहे. खरा ग्राउचो या दुसऱ्या वाक्यात आहे, आणि लोकांच्या आठवणीत मात्र पहिले वाक्य राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्राउचो यांचा हजरजबाबीपणा संपूर्णपणे उत्स्फूर्त होता, असेही समजू नये. स्पर्धकांच्या मुलाखती आधी घेतल्या जात, त्यांवरून लेखक विनोदी वाक्ये तयार करत आणि ती ग्राउचो यांना दिसतील अशा रीतीने पडद्यावर दाखवली जात. मात्र त्या वाक्यांपलीकडे जाण्याची त्यांची ताकद अस्सल होती. 1953 मध्ये पेद्रो गोन्झालेझ गोन्झालेझ नावाचे स्पर्धक आले असता, ‘आपण दोघांनी मिळून प्रयोग केले तर जोडीचे नाव काय ठेवाल?’ असे ग्राउचो यांनी विचारले. ‘गोन्झालेझ गोन्झालेझ आणि मार्क्स,’ असे उत्तर येताच, दोघांच्या जोडीत आपला क्रमांक तिसरा लागला, अशी तक्रार ग्राउचो यांनी केली. या एका कार्यक्रमामुळे गोन्झालेझ यांना चित्रपटांत कामे मिळू लागली.

प्रश्न : बोलण्यातल्या चुकांच्या जुन्या तबकड्यांवर ऐकू येणारे सर्व प्रसंग अस्सल समजावेत का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : समजू नयेत. अशा चुका गोळा करून 1950च्या दशकात त्यांच्या तबकड्या लोकप्रिय करणारे निर्माते म्हणजे कर्मिट शेफर. मूळ ध्वनिमुद्रण मिळाले नाही, की ते नटांकडून तो प्रसंग पुन्हा वठवून घेत आणि अस्सल ध्वनिमुद्रणांच्या शेजारी बसवत. निवेदक हॅरी फॉन झेल यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या नावातील स्वरांची अदलाबदल करून ‘हूबर्ट हीव्हर’ असा उच्चार केला होता, ही घटना खरी आहे. परंतु ऐकवले जाणारे ध्वनिमुद्रण असे नंतर घडवलेले आहे. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ भरभर म्हणून पाहिलेल्या कुणालाही ही चूक कशी होते हे सांगायला नको. पुढच्या शब्दाची जुळवाजुळव मनात आधीच सुरू झालेली असते आणि त्यातला एखादा ध्वनी वेळेआधी जिभेवर येतो.

सूत्रसंचालकाच्या अस्सल चुकीचे उदाहरण हवे असेल तर ‘मॅच गेम’चे जीन रेबर्न यांचे घ्यावे. एका स्पर्धक तरुणीच्या गालांवरच्या खळ्यांचे कौतुक करताना त्यांनी खळ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा, छातीच्या अवयवाचा वाचक असलेला शब्द उच्चारला. हा प्रसंग चित्रफितीवर आहे. 1970च्या दशकातला हा कार्यक्रम मुळातच द्व्यर्थी वाक्यांतील गाळलेल्या जागा भरण्यावर उभा होता. दिवसभर असेच शब्द कानांवर पडत असताना नको तो शब्द जिभेच्या टोकाशी येऊन थांबलेला असणे स्वाभाविक होते.

प्रश्न : आपल्या कार्यक्रमात अश्लील उत्तर दिले गेल्याचे बॉब युबँक्स अनेक वर्षे नाकारत होते, असे वाचले. मग ग्राउचो यांचा नकार खरा आणि युबँक्स यांचा खोटा कसा? — एक वाचक, पणजी

उत्तर : हा प्रश्न अतिशय रास्त आहे. 1966 मध्ये सुरू झालेल्या ‘द न्यूलीवेड गेम’मध्ये नवविवाहित जोडप्यांना परस्परांविषयी प्रश्न विचारले जात. शारीरिक संबंधांचा थेट उल्लेख करता येत नसल्यामुळे ‘मेकिंग व्हूपी’ हा सौम्य शब्दप्रयोग वापरला जाई, आणि सूत्रसंचालक युबँक्स यांच्या तोंडी तो कायमचा बसला. या क्रियेची इच्छा झालेले सर्वांत विचित्र ठिकाण कोणते, या प्रश्नाला एका पत्नीने ठिकाणाऐवजी शरीराच्या भागाचे नाव सांगितले, अशी कथा सर्वत्र पसरली होती. युबँक्स ती नाकारत राहिले आणि ती सिद्ध करणाऱ्याला त्यांनी 10,000 डॉलरही देऊ केले होते. अखेर 1977 मधील त्या भागाची चित्रफीत सापडली आणि 2002 मध्ये ती लोकांना पाहायला मिळाली.

तरीही युबँक्स यांना खोटे ठरवणे मला योग्य वाटत नाही. लोक जे वाक्य शब्दशः सांगत, ते तसे बोललेच गेले नव्हते. चित्रफितीतील उत्तर वेगळ्या शब्दांत आहे, ते देणारी स्त्री गोंधळलेली आहे, आणि प्रक्षेपणात तो शब्द दाबून टाकलेला होता. हजारो भाग केलेल्या माणसाला त्यातला एक क्षण आठवू नये, यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. ग्राउचो यांच्याबाबत मात्र चित्रफीतही नाही आणि त्यांचा नकारही ठाम आहे. दोन्ही प्रकरणांत निर्णय आठवणीवर नव्हे, तर उपलब्ध ध्वनिमुद्रणावर किंवा चित्रफितीवर ठरतो.

प्रश्न : ‘लॉक किया जाए?’ हे वाक्य अमिताभ बच्चन यांचे स्वतःचे आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यातला भारदस्तपणा त्यांचा आहे, पण प्रश्नाची गरज मूळ खेळातूनच आलेली आहे. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?’मध्ये क्रिस टॅरंट स्पर्धकाला ‘हे तुमचे अंतिम उत्तर का?’ असे विचारत. 3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले, तेव्हा या विचारणेला हिंदी रूप मिळाले, आणि पुढे मराठी आवृत्तीत सचिन खेडेकर यांच्यासारख्या सूत्रसंचालकांनी ती आपल्या भाषेत मांडली. या खेळात स्पर्धक मोठ्याने विचार करत असतो, पर्यायांची नावे पुन्हा पुन्हा घेत असतो. त्याच्या तोंडून सहज निसटलेला पर्याय उत्तर म्हणून धरला जाऊ नये, यासाठी ही विचारणा आवश्यक ठरते.

अशी विचारणा नसलेल्या खेळांत एका ध्वनीचीही किंमत मोजावी लागते. 2018 मध्ये ‘जेपर्डी!’ या अमेरिकी प्रश्नमंजूषेच्या एका स्पर्धकाने ‘गँग्स्टाज’ऐवजी ‘गँग्स्टर्स’ असा उच्चार केला. सूत्रसंचालक अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी उत्तर आधी मान्य केले होते, परंतु मूळ गीताच्या नावातला शब्द वेगळा असल्यामुळे परीक्षकांनी निर्णय फिरवला आणि स्पर्धकाच्या खात्यातून 3,200 डॉलर कमी झाले.

प्रश्न : सूत्रसंचालक स्वतःच हसू आवरू शकला नाही, असा प्रसंग सांगाल का? — एक वाचक, बडोदे

उत्तर : 1976 ते 1985 या काळात ‘फॅमिली फ्यूड’चे सूत्रसंचालन करणारे रिचर्ड डॉसन यांनी एकदा विचारले की, गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यात स्त्री गरोदर दिसू लागते. स्पर्धकाने क्षणाचाही विलंब न लावता ‘सप्टेंबर’ असे उत्तर दिले. डॉसन इतके हसले की पुढील खेळ चालवणे त्यांना अवघड झाले. ते सावरत आणि पुन्हा हसत. मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट जाणवेल. आपल्याकडे हा प्रश्न ‘कितव्या महिन्यात’ असा विचारला गेला असता आणि गोंधळाला जागाच उरली नसती. ‘कितवा’ या शब्दाचे काम एका शब्दात करणारी सोय इंग्रजीत नाही, म्हणून बिचाऱ्या स्पर्धकाला दिनदर्शिका आठवली.

ट्रेबेक यांचा याच्या उलट प्रसंगही येथे नोंदवावासा वाटतो. ते कर्करोगाशी झुंजत असताना, नोव्हेंबर 2019 मध्ये, एका स्पर्धकाने अंतिम प्रश्नाच्या उत्तराच्या जागी ‘आमचे तुमच्यावर प्रेम आहे, अ‍ॅलेक्स’ असे लिहिले. सदैव संयत असलेल्या ट्रेबेक यांचा आवाज आभार मानताना दाटून आला. त्यानंतर वर्षभराने, 8 नोव्हेंबर 2020 रोजी, त्यांचे निधन झाले.

प्रश्न : ग्राउचो हरलेल्या स्पर्धकांना ‘ग्रँट यांच्या थडग्यात कोण पुरले आहे?’ असे विचारत. यात काही खोच होती का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मुळात नव्हती. कुणीही रिकाम्या हाताने परतू नये, म्हणून उत्तर प्रश्नातच दडलेले असे प्रश्न ते विचारत. मात्र न्यूयॉर्कमधील त्या स्मारकात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट आणि त्यांच्या पत्नी ज्युलिया यांच्या शवपेट्या जमिनीच्या वर, दगडी संपुटांत ठेवलेल्या आहेत. आपल्या भाषेत ‘पुरणे’ म्हणजे मातीखाली ठेवणे. त्या अर्थाने तेथे कुणालाही पुरलेले नाही.