खेळ सोडून कोच होणाऱ्या भावाला

भाऊ, कोचिंगला लागतोयस ते बरंय, पण तू फुटबॉलमध्ये फॉरवर्ड म्हणून गाजलास एवढ्यावर पोरं शिकत नाहीत. आधी एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, सुरुवातीच्या कोचसाठी असलेलं डी लायसन्स कर, सीनियर टीमची घाई नको. डेरिक परेरा आधी खेळाडू होते आणि मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेड क्लबला कोच म्हणून २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. सगळ्यांचं असं जुळत नाही.

दहा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा, जरा लहान बॉल दे आणि पाच-पाच जणांत खेळव. अकरा-अकरा उतरवलेस तर कडेच्या पोराच्या पायाला बॉल लागतच नाही, ते उभं राहून माती उकरतं.

मे महिन्यात जळगावात सकाळी आठच्या आत मैदान सोड. काळ्या मातीच्या भेगांत घोटा मुरगळतो, आधी मैदान चालून बघ. पालक विचारतीलच, "आयएसएलला कधी?", म्हणजे पोरगं इंडियन सुपर लीगमध्ये कधी खेळणार. त्यांना चहा पाज.