१९६६ ची मस्टँग आहे, दिसायला जुनीच हवी पण रोज चालवायचीय, काय काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत १९६६ ची मस्टँग कूप घेतलीय, २८९ व्ही-एट (२८९ घन इंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन), सी-फोर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक, रोज ऑफिसला न्यायचीय पण बघणाऱ्याला ती १९६६ चीच वाटली पाहिजे. मी इथे मिशिगनमध्ये याच सालची चालवतो म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत सरळ आहे, जे थांबवतं, जे पेट घेऊ शकतं आणि जे तुम्हाला वाचवतं ते आजच्या काळाचं करा, बाकी शक्य तितकं राहू द्या.

पण पार्ट मागवायच्या आधी एक काम करा. पुढच्या काचेखाली वायपरपाशी जाळी आहे ना, त्यात पाण्याचा पाइप सोडा आणि आत कुणालातरी टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली बघायला सांगा. त्या जाळीखालच्या पत्र्याला काउल म्हणतात, आत हवा यायची जी भोकं आहेत त्यांच्या भोवतीचा उभा कठडा गंजून गेला की पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं, आणि कार्पेट वरून कोरडं दिसलं तरी खाली फ्लोअरचा पत्रा कुजत असतो. ठिबकताना दिसलं तर आधी ते वेल्डिंग, मग बाकी सगळं, रंग तर सगळ्यात शेवटी.

आता ब्रेक. १९६६ च्या मस्टँगला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) एकाच कप्प्याचा आहे, म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, पेडल खाली जाऊन टेकतं. फोर्डने १९६७ पासून दोन कप्प्यांचा दिला, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. तुम्हीही तोच बसवा आणि पुढे डिस्क लावा. त्या काळात जीटी पॅकेजमध्ये केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनचे डिस्क फोर्डच देत होती, त्याच धाटणीचे आजही नवीन मिळतात, त्यामुळे दिसायलाही ते परके वाटत नाहीत. मागे ड्रम राहू दे पण प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) लावा, नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात. आणि तुमच्या ड्रमवाल्या १४ इंची व्हील्समध्ये डिस्कला पकडणारा कॅलिपर घासू शकतो, ऑर्डर द्यायच्या आधी मोजून घ्या.

पेट्रोलच्या टाकीबद्दल फार लोक बोलत नाहीत. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, आणि डिकी आणि मागच्या सीटच्या मध्ये नुसता पुठ्ठा. मागून कुणी जोरात ठोकलं तर पेट्रोल सरळ आत यायला वाट मोकळी. तिथे स्टीलची प्लेट बसवा, वरून पुठ्ठा परत लावला की कुणाला कळतही नाही. मागे मुलं बसणार असतील तर हे मी ब्रेकच्याच रांगेत धरीन.

बेल्ट पुढे फक्त कमरेचे आहेत, आणि स्टीअरिंगचा शाफ्ट एकसंध आहे, धडकेत दबणारा नाही, तो छातीवरच येतो. तेव्हा तीन पॉइंटचे बेल्ट हवेतच, फक्त वरचा पॉइंट नुसत्या पत्र्यात बोल्ट मारून चालणार नाही, आतून जाड प्लेट लागते.

इग्निशनला पॉइंट्स (ठिणगीसाठी करंट तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, कॅपखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घाला, बाहेरून काहीच दिसत नाही. मात्र स्विचपासून ठिणगीचं व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर साधी नाही, रेझिस्टन्स वायर आहे, त्यावर मॉड्यूल जोडलं तर पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत, त्यासाठी वेगळी लाइन ओढा. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, त्यातला ब्रेकर गरम झाला की रात्री दिवे मिटमिटतात. रिले (दिव्यांचा करंट स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच) लावा, जुन्या गोल आकाराचेच हॅलोजन घाला.

इंजिनला मी फारसं काही सांगणार नाही. साध्या २८९ ला २०० हॉर्सपॉवर आहे (जुन्या ग्रॉस मापाने, म्हणजे जोडलेली उपकरणं काढून मोजलेली), रोजच्या चालवण्याला भरपूर. इथेनॉल झेपणारे नवीन रबरी पाइप टाका आणि झिंक जास्त असलेलं ऑइल वापरा, कारण जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा, टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरणारा दांडा) आजचं साधं ऑइल पुरत नाही. सी-फोरला ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर) नाही, हायवे खूप असेल तर एओडी, म्हणजे फोर्डचा ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बसवतात, पण ड्राइव्हशाफ्टपासून काम निघतं, एक वर्ष चालवून मग ठरवा.

आणि कृपा करून १८ इंची अलॉय लावू नका! या गाडीचं रूप अर्धं तिच्या चाकांत आहे. १४ इंचावर २०५/७० चे रेडिअल टायर घाला, गाडी सरळ धरते आणि उभी राहिली की १९६६ चीच दिसते.

शेवटचं, नंबरप्लेट. ओहायोची हिस्टॉरिकल प्लेट शो, परेड, क्लबच्या कार्यक्रमांसाठी असते, रोज ऑफिसला जायला चालत नाही, साधी प्लेट घ्या. बऱ्याच क्लासिक इन्शुरन्स पॉलिसीतही रोजचं येणं-जाणं बसत नाही, तेव्हा रोजचा वापर आहे हे एजंटला आधीच सांगा आणि लेखी घ्या.