वॉर्डात पहिल्यांदा जाताना जखम, श्वास आणि औषध यांत नेमकं काय बघायचं?

तू विचारलंयस की जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, पहिलं वर्ष आहे, पुढच्या आठवड्यात सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग आहे, जखमेचं निरीक्षण, श्वसन आणि औषध देणं हे तिन्ही धडे पाठ आहेत, पण पेशंटसमोर उभं राहिल्यावर बघायचं काय? वय लिहिलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करते. माझी सतरा वर्षं वॉर्डात गेली, त्यातली बरीचशी नाईट ड्युटीत.

श्वासापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त थापा त्याच रकान्यात मारल्या जातात. कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद, उघडून बघ. ताप हलतो, नाडी हलते आणि श्वास मात्र १८, २०, १८, २०. अख्खा वॉर्ड एकाच तालात श्वास घेतोय! मीही तेच करायचे. शिकत असताना एका रात्री पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांच्या नावापुढे मी डोळे झाकून २० लिहिले. पहाटे इन्चार्ज सिस्टर आल्या, आधी चार्ट बघितला, मग आजोबांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "घड्याळ काढ आणि मोज." ३४ निघाले. ताप नव्हता, ऑक्सिजन ९५ दाखवत होता. आजोबा धापा टाकून तो ९५ टिकवत होते, हे मला कळलंच नव्हतं. न्यूमोनिया निघाला. आजोबा बरे होऊन घरी गेले, पण त्यात माझं श्रेय शून्य.

तर मोजायचं असं. नाडी बघायला हात धरायचा, मनगट पेशंटच्या छातीवर टेकवायचं आणि नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. त्याला वाटतं नाडीच चाललीय. "श्वास मोजते हं" म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. पूर्ण ६० सेकंद मोज. १५ सेकंद मोजून चारने गुणलंस तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. पांघरूण जाड असेल तर खाली कर. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली न्यूज नावाची गुणपद्धत आणली, तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त, नाहीतर ८ किंवा त्याहून कमी असला की एवढ्या एका गोष्टीलाच ३ गुण पडतात, म्हणजे डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. आकड्याबरोबर हेही बघ: नाकपुड्या फुलतायत का, गळ्याजवळ खड्डा पडतोय का, एक वाक्य दम न लागता पुरं होतंय का.

आता जखम. ड्रेसिंग काढल्या काढल्या नाक मुरडून "दुर्गंधी" असं लिहू नकोस. दोन दिवस बांधून ठेवलेल्या कुठल्याही जखमेला वास येतो. आधी नॉर्मल सलाईनने धू, मग वास घे, मग रंग बघ. लालबुंद, दाणेदार असेल तर भरतेय. पिवळा चिकट थर म्हणजे मेलेला भाग, काळं म्हणजेही मेलेलंच. मात्र टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली हौसेने उचकटायला जाऊ नकोस, ते सर्जन ठरवतील. काढलेला गॉज टाकण्याआधी बघ, किती भिजलाय आणि कशाने. माप सेंटीमीटरमध्ये घे, लांबी, रुंदी, खोली. "रुपयाएवढी" असं लिहिलं तर पुढच्या ड्युटीवालीने कुठला रुपया धरायचा?

पुस्तकं एक गोष्ट नीट सांगत नाहीत. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी म्हणजे दाबूनही न जाणारी लाली, असं लिहिलेलं असतं आणि फोटो गोऱ्या कातडीचा असतो. आपल्या सावळ्या पेशंटच्या माकडहाडावर लाली दिसतच नाही. जांभळट, काळपट छटा दिसते, आणि "गादीचा वळ आहे" म्हणून सोडून दिली जाते. तिथे हात लाव. आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम, गार, कडक किंवा लिबलिबीत लागलं तर लगेच सांग. आणि डायबेटिसवाला पाय दुखत नाही म्हणाला तर जास्तच नीट बघ, कारण त्याची संवेदनाच गेलेली असू शकते.

औषधाचे पाच नियम तुला पाठ आहेत: योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ. गडबड बहुतेक पहिल्यातच होते. "तुम्ही शिंदेच ना?" असं विचारलंस तर कमी ऐकू येणारी आजी "हो" म्हणणारच. "पूर्ण नाव सांगा" म्हण आणि केसपेपरवरचा आयपीडी नंबर, म्हणजे भरती झाल्यावर मिळालेला नंबर, जुळव. बेड नंबरवर कधीच जाऊ नकोस. पंख्याखालची जागा रिकामी झाली की पेशंट आपण होऊन तिकडे जाऊन झोपतात.

इन्सुलिनला जपून. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदीचं मिळतं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० किंवा १०० युनिट. १०० वालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलंस तर पेशंटला २५ युनिट जातात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० चं केशरी, पण टोपणं अदलाबदल होतात, म्हणून बॅरलवरचा आकडा वाच. पोटॅशियम क्लोराईडचा अँप्युल तर थेट शिरेत कधीच नाही, कोणीही सांगितलं तरी. दुसऱ्याने भरून ठेवलेली सिरिंज देऊ नकोस. मॉर्फिन या वेदनाशामकाने श्वास मंदावतो, म्हणून ते देण्याआधी श्वास मोज, १२ च्या खाली असेल तर हात आवर आणि डॉक्टरांना बोलव. त्या वेळी चार्टवर कोणीतरी अंदाजे टाकलेला २० तुझ्या काही कामाचा नाही.

जाताना सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घे. मोबाईल बऱ्याच वॉर्डांत बाहेर काढू देत नाहीत.