लग्न झालेलं नाही, पण बाप आहेस: आधी एवढं कर

मित्रा, लेक आईकडे आहे आणि तुला भेटू देत नाहीत, म्हणून तिला शाळेतून परस्पर उचलून आणायचा विचार आजच सोडून दे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार लग्नाबाहेर जन्मलेल्या अपत्याची नैसर्गिक पालक (म्हणजे कायद्यानेच ठरलेला पालक) आधी आई, तिच्यानंतर बाप. जबरदस्ती केलीस तर कोर्टात उभं राहण्याआधीच तुझी बाजू पडेल.

पण म्हणून तुझा हक्क शून्य होत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज कर. लेकरू जिथे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. माझं ठाम मत आहे, थेट ताबा मागू नकोस, आधी भेटी माग: ठरलेला रविवार, व्हिडिओ कॉल, सुट्टीतले काही दिवस. न्यायाधीश लेकराचं हित बघतात, आणि ठरल्या वेळी न चुकता येणारा बाप त्यांना दिसला पाहिजे.

लेकीची पोटगी मात्र द्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) औरस-अनौरस असा भेद नाही. भेटू देत नाहीत म्हणून पैसे अडवू नकोस, त्यात पोरीचा काय दोष? दरमहा बँकेतूनच पाठव, रोख नको. फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, मेसेज सगळं जपून ठेव.

आणि उशीर करू नकोस. बापाला नोटीस न देताही कोर्ट अविवाहित आईला एकटीला पालक नेमू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलंय. पितृत्वावरच वाद असेल तर वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांग.