छप्पर पडलं, की ठेवलंच नव्हतं?

प्रश्न : दिवाळीनंतर सासूबाई (वय ७२, गुडघेदुखी) आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघायला जावं म्हणते. शेजारी म्हणाले, "अर्ध्या तासात उरकतं, पुढच्या मंडपाचं तर छप्परच पडलंय." एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांनी वर बघितलं, खाली बघितलंच नाही! तो पुढचा मंडप म्हणजे स्वर्गमंडप. त्याच्या बरोबर मध्ये जमिनीत एक मोठी गोल शिळा आहे आणि आभाळाचं गोल भोक नेमकं तिच्या डोक्यावर येतं. भोवती बारा खांबांचं कडं. पडझड इतकी मापात होत नाही. होमाचा धूर जावा म्हणून ते उघडं ठेवलं, असं गावकरी सांगतात.

मी चित्रकलेचा मास्तर. दरवर्षी पोरांना घेऊन तिथे स्केचिंगला जायचो. एकदा एका पोराला एकच खांब काढायला बसवलं. खाली चौकोनी, मग अष्टकोनी, वर गोल कडी, अगदी लेथवर कातल्यासारखी. दुपारपर्यंत त्याचा निम्मा खांबही झाला नव्हता. आणि हा आपला काळा बेसाल्ट बरं का, हाताखाली सहज वळणारा दगड नव्हे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. नंतरचा, यादव राजा सिंघणाचा शके ११३६चा (म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकातला) शिलालेखही तिथे आहे.

सकाळी लवकर पोचा. मंदिर पूर्वाभिमुख आहे. तिरप्या उन्हात मूर्तींचे दागिनेसुद्धा सुटे दिसतात. बारा वाजता सगळं सपाट. आधी बाहेरून एक फेरी मारा. पायथ्याशी हत्तींची रांग आहे, बऱ्याच सोंडा तुटल्यात. मुलाला हत्ती मोजायला लावा. आकडा मी सांगत नाही, त्याचा त्यालाच काढू दे. तोवर सासूबाईंना स्वर्गमंडपात निवांत बसू द्या. बसून बघायची जागा खरी तीच. पायात मोजे असू देत, फरशी तापते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलात बघायला लोक लोटतात. दृश्य सुंदर, पण गुडघे दुखत असतील तर ती रात्र टाळा. परतताना नरसोबावाडीला दर्शन घ्या, कवठाची बर्फी घ्या.

"नंदी कुठाय?" हे मुलगा विचारणारच. इथे नंदी नाही. गोष्ट अशी सांगतात, की सती त्याच्यावर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली ती परतलीच नाही. महादेव कोपले, म्हणून कोपेश्वर. विष्णूने समजूत घातली, तो शेजारचा धोपेश्वर. गाभाऱ्यात म्हणूनच दोन लिंगं आहेत. नंदी बसलाय पलीकडे कर्नाटकात, यडूरला. तिथेही जायचा हट्ट झाला, तर आधी सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारा.