‘मस्त झालाय रे’चं काय करू?

प्रश्न : दादा नमस्कार, मी गोव्यातल्या फोंड्याचा, दिवसा अकाउंट्सची नोकरी आणि रात्री जेवण झालं की गोडॉट, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून बसतो. आठ महिने खपून एक छोटा टूडी गेम केलाय, फेरीबोट सुटतेय आणि धक्क्यावरून उडी मारून ती गाठायची, रायबंदर-चोडणच्या फेरीवरून सुचलेला. आमच्या ग्रुपात बिल्ड (गेमची खेळता येईल अशी फाइल) टाकली तर चौघे म्हणाले मस्त झालाय रे, आणि पाचव्याने १७ मुद्द्यांची यादी पाठवली, ग्रॅव्हिटी कमी कर, आर्ट बदल, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा काढ. दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. आता त्याचाच गेम माझ्याकडे आलाय मत द्यायला. खरं सांगू की मस्त म्हणून मोकळा होऊ?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अरे, त्या १७वाल्यावर रागावू नको, त्याने निदान गेम शेवटपर्यंत खेळला तरी. ‘मस्त’ म्हणणाऱ्या चौघांना सहज विचार दुसऱ्या लेव्हलला काय दिसतं, दोघे तरी विषय बदलतील.

तू बिल्ड पाठवलीस म्हणून मी पण खेळलो आणि पहिल्याच धक्क्यावर नऊ वेळा मांडवी नदीत पडलो. चिडून मी पण हेच म्हणालो असतो की ग्रॅव्हिटी जास्त आहे. पण मग नीट बघितलं तर उडी ठीक आहे रे, मी बटण दाबतो तेव्हा पाय धक्क्याच्या कडेवरून जेमतेम सुटलेला असतो, तुझा कोड ‘इज ऑन फ्लोअर’, म्हणजे पाय जमिनीवर आहे का, विचारतो, उत्तर नाही येतं, आणि गडी खाली. खेळणाऱ्याला मात्र शंभर टक्के वाटतं की आपण वेळेत दाबलं. गोडॉटची फिजिक्स, म्हणजे उडी-पडण्याचा हिशोब, मुळात सेकंदाला ६० वेळा चालते, तर पाय सुटल्यावर ६ फ्रेम, म्हणजे ०.१ सेकंद, उडीची मुभा ठेव. याला कोयोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो कोयोटी कडा संपला तरी थोडा वेळ हवेत पळतो ना, त्यावरून. ग्रॅव्हिटी कमी केली असतीस तर उडी फुग्यासारखी झाली असती आणि पडणं काही थांबलं नसतं. म्हणून सांगतो, माणूस ‘इथे मला त्रास झाला’ म्हणाला की डोळे झाकून मान, ‘म्हणून असं कर’ म्हणाला की थांब, दुखणं पेशंटला कळतं, औषध त्यालाच कळेल असं नाही.

आणि टायपून आलेल्या मतांपेक्षा बघून जास्त कळतं. मामेभावाच्या हातात लॅपटॉप दे, मागे बस आणि तोंड बंद ठेव, ‘अरे तिथे नाही, इथे दाब’ असं एकदा जरी बोललास तरी टेस्ट फुकट गेली. आपल्या जत्रेतल्या नाटकाचं बघ ना, अंक लांबला की लोक काही बोलत नाहीत, खाजं घ्यायला उठतात. भाऊ कुठे मोबाइल काढतो तेवढं लिहून ठेव.

आता त्याच्या गेमबद्दल. नुसतं मस्त म्हणू नकोस, आणि १७ मुद्द्यांचा बदला पण नको (मोह होईल, मला माहितेय, मी एकदा घेतलाय आणि तो मित्र वर्षभर बोलला नाही). आधी विचार, तुला आत्ता काय तपासायचंय? आर्ट तात्पुरती असेल तर त्यावर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही. मग तुझ्या बाबतीत जे घडलं ते सांग, ‘तिसऱ्या लेव्हलचं दार मला भिंतच वाटली, दोन मिनिटं फिरलो आणि बंद केला’ एवढं पुरे, दाराचं काय करायचं ते तो ठरवेल. आवडलेलं पण नेमकं सांग हां, नाहीतर दुसऱ्या कुणाचं ऐकून तो तेच कापून टाकतो. आणि हात बसायला हवा असेल तर लुडम डेअरसारख्या जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम करायच्या ऑनलाइन स्पर्धेत, उतर, २००२पासून चालू आहे, एकट्याने ४८ तासांत गेम करायचा, आणि तिथे दुसऱ्यांचे गेम खेळून मत दिलं की तुझा गेम जास्त लोकांपुढे येतो, त्यामुळे नुसतं ‘नाइस’ लिहून पळणारे लगेच ओळखू येतात.

बाकी तो पोदेराचा भोंगा अजिबात काढू नको, तो वाजला की फेरी सुटणार हे मला आपोआप कळायला लागलं होतं. फक्त प्रत्येक वेळी पडल्यावर पण वाजतो, ते बंद कर, नवव्यांदा शेजारीण पाव घ्यायला बाहेर आली.