बाबांना एका ओळीत बाद करू नका

पत्र, थोडक्यात:

“मुलगा २३ वर्षांचा. गेल्या वर्षी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणतात, घरातलं कुणी देणार असेल तर लवकर बघा. मला डायबेटिस, मला नाही म्हणाले. ह्यांचा रक्तगट बी, मुलाचा ए, त्यामुळे ते बाद. शिवाय पोस्टातली नोकरी, एवढी रजा कोण देणार? मोठी मुलगी २७ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन साताऱ्याला गेली. ऐकल्याबरोबर म्हणाली, ‘मी देते.’ सासरी कळल्यापासून तिकडचे फोन कमी झालेत. जावयांशी मी बोलू, की विहीणबाईंशी? ओळखीतल्या एकाने नंबर दिलाय, तो माणूस ‘डोनर मिळवून देतो’ म्हणतो. की व्हॉट्सअॅपवर आवाहन टाकू? — एक आई, सिंहगड रोड”

ताई,

छापताना तुमच्या चार पानांना कात्री लावावी लागली, पण त्यातलं एक मला सोडवेना. बटाट्याच्या फोडी रात्री पाण्यात घालायच्या, सकाळी ते पाणी ओतायचं, नव्या पाण्यात उकळायच्या, तेही पाणी ओतायचं आणि मग फोडणी. पोटॅशियम उतरावं म्हणून. आणि एवढं करून तो दोन घास खाऊन ताट सारतो. वर्षभर हे करणाऱ्या बाईला ‘धीर धरा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कामाचंच बोलते.

तुमच्या पत्रात लेकीवर दीड पान आहे, जावयांवर अर्धं, आणि मुलाच्या वडलांवर दोन ओळी. माझं म्हणणं या हिशोबाबद्दलच आहे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य आहेत: आया, बायका, बहिणी. पुरुष ‘कमावता’ म्हणून आपोआप बाजूला होतो. कुणी मुद्दाम करतं असं नाही, पण होतं तसंच. तुमच्याकडेही तेच झालंय, आणि झालंय ते अपुऱ्या माहितीवर.

बी गटाचे वडील आणि ए गटाचा मुलगा ही जोडी थेट जुळत नाही, खरं आहे. पण म्हणून वडील बाद होत नाहीत. जिथे रुग्ण बी आणि देणारा ए आहे असं एखादं घर असेलच. तुमच्या ह्यांची किडनी त्यांच्या माणसाला, त्यांची तुमच्या मुलाला. याला सगळे ‘स्वॅप’ म्हणतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने याला मोकळी वाट दिली आहे. दोन्हीकडचा दाता आपापल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक हवा, एवढं पाहतात, आणि कुणी मागे फिरू नये म्हणून दोन्ही घरांची ऑपरेशन्स शक्यतो एकाच दिवशी करतात. ए आणि बी ची अदलाबदल तर त्यातली सगळ्यात सरळ. ओ गटाच्या रुग्णांना जोडी मिळणं खूप जड जातं, त्या मानाने तुमचं गणित सोपं आहे. दुसरा रस्ता म्हणजे गट न जुळताही प्रत्यारोपण. रक्तातली विरोधी अँटीबॉडी आधी औषधांनी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलून कमी करतात. खर्च काही लाखांनी वाढतो, संसर्गाची धास्तीही जास्त, पण अनुभवी केंद्रांत ते होतं. तेव्हा पुढच्या ओपीडीला ह्यांना बरोबर न्या आणि ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यारोपणाची जुळवाजुळव पाहणाऱ्या माणसाला, स्पष्ट विचारा: स्वॅपच्या यादीत आमची जोडी घालता का? इतर तपासण्यांत ते बसतात की नाही हे डॉक्टर सांगतील. ते ठरण्याआधीच आपण घरी निकाल लावू नये.

रजेचं म्हणाल तर पोस्ट म्हणजे केंद्र सरकार. अवयवदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, तसा आदेश २०२३ मध्येच निघालाय. बहुतेक वेळा दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, काही दिवसांत घरी सोडतात आणि टेबलावरचं काम असलेला माणूस साधारण महिना-दीड महिन्यात कामाला लागतो. पोती मात्र उचलायची नाहीत काही काळ. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही; पण तो दहा हजारांत दोन-तीन जिवांचा आहे, आणि घरात त्याबद्दल उघड बोलून मग ठरवावं इतपत आहे.

आता लेक. तिचं मन मोठं आहे, आणि नेमकं म्हणूनच तिला जपायला हवं. तिला अजून मूल नाही. किडनी दिल्यानंतरच्या बाळंतपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, त्यामुळे बरेच डॉक्टर संसार पुरता मार्गी लागल्याशिवाय तरुण मुलींना पुढे करत नाहीत. शिवाय मुलाच्या किडन्या कशाने गेल्या हे पत्रात कुठेच नाही. आजार आनुवंशिक असेल तर सख्ख्या बहिणीची तपासणी आधी स्वतःसाठी करायला हवी. आणि एक हिशोब कुणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. जिवंत दात्याकडून मिळालेली किडनी साधारण पंधरा-वीस वर्षं साथ देते, कधी त्याहून जास्त. तुमचा मुलगा आज २३ चा आहे. त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा गरज लागू शकते. बाबांची आज चालेल, पुढे वयामुळे नाही चालणार. बहिणीचा पर्याय तेव्हाही शिल्लक असेल.

म्हणून जावयांशी बोलू नका, विहीणबाईंशी तर नाहीच. लेकीला एकटीला फोन करा आणि साधं सांगा: “तू म्हणालीस ते आमच्यापर्यंत पोचलं. सध्या बाबांचं बघतोय. तुझं नाव कुठेही दिलेलं नाही, आणि तू नाही म्हणालीस तरी या घरात कुणी विचारणार नाही.” शेवटचं वाक्य म्हणताना आवाजात रुसवा येऊ देऊ नका, मुलींना तो बरोबर ऐकू येतो. पुढेमागे ती तपासणीला आलीच तर तिला हेही माहीत असू द्या, की दाता शेवटच्या क्षणापर्यंत मागे फिरू शकतो, आणि नुसतं ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच घरच्यांना कळवावं अशी विनंती ती डॉक्टरांना करू शकते. बाई दाता असेल तर तिची संमती स्वतःहून दिलेली आहे ना, याची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून करावी, असं नियमातच आहे. तो नियम उगाच आलेला नाही.

तो नंबर आजच्या आज ब्लॉक करा. किडनीसाठी पैसे देणं, घेणं, जमवून देणं, तिन्ही गुन्हे आहेत: पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड. पुण्याने २०२२ मध्ये हे जवळून पाहिलंय. पैशांचं आमिष दाखवून एका बाईला रुग्णाची बायको म्हणून कागदावर उभं केलं होतं आणि पैसे न मिळाल्याने तिनेच वाचा फोडली. फसतात ते गरीबच.

आवाहनाचंही तसंच. अनोळखी माणसाला कायद्याने सहजी घेता येत नाही. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे. मामा, काका, मामेभाऊ, मित्र यांना परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे जाऊन नातं, माया आणि व्यवहार नसल्याचं पटवावं लागतं. ग्रुपवर पोस्ट टाकली की दाता येण्याआधी दलाल येतात. त्यापेक्षा नात्यातल्यांना गरज सांगा, आणि ते काम ह्यांनी करावं. तुमचे दीर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात ना? ह्यांनी त्यांच्या समोर बसून सांगावं: “असं आहे, किडनी लागणार आहे, आमचं स्वॅपचं चाललंय, तुमच्या कानावर असू दे.” एवढंच. “देता का?” हा प्रश्न विचारायचा नाही. ज्याला द्यायची असेल तो दोन दिवसांनी स्वतः रक्तगट विचारायला फोन करतो. नाही आला तर त्याच्या घरच्या गणपतीला जाणं थांबवू नका.

हे सगळं चालू असतानाच मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव आहे का ते पाहा. पुण्यात ती यादी झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, असते आणि नोंद हॉस्पिटलमार्फत होते. जिवंत दाता शोधताय म्हणून ती अडत नाही. खर्चाला सीजीएचएसचं, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे का बघा. ज्या वाचकांकडे ते नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी, तिथे किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा आता साडेचार लाख आहे.

राहता राहिला मुलगा. चार पानांत त्याचं एकही वाक्य नाही. तो फुल बाह्यांचा शर्ट घालून फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातावर जोडलेली शीर, झाकतो, हे तुम्ही लिहिलंय. त्याला काय हवंय, ते नाही. त्याला कदाचित बहिणीची किडनी नकोच असेल. बाबांची घ्यायलाही जड जात असेल. त्याला बसवून विचारा, आणि पुढच्या ओपीडीत डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्या. प्रत्यारोपणानंतर किडनी टिकवायच्या गोळ्या रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्याव्या लागतात, आणि याच वयाची मुलं त्या चुकवतात, किडनी गमावतात, हे जगभरचे डॉक्टर सांगतात. सध्या त्याच्या गोळ्या तुम्ही वाटीत काढून देता. या आठवड्यापासून डबा त्याच्याकडे द्या. एखादी चुकली तर ओरडू नका, पण काढूनही देऊ नका.